गंज आधी घासून घ्या

फुलचूरच्या शेवटच्या घरांमागं, जिथून धानाच्या बांध्या सुरू होतात, तिथं इंदरलाल टेंभऱ्यांचा ट्रक कित्येक वर्षं उभा होता. पुढं लांब नाक असलेला, जुन्या घाटणीचा. याच ट्रकवर त्यानं चिचगडच्या जंगलातून तेंदूपत्ता वाहिला, गावोगावचा धान मिलवर आणला आणि स्वतःचा आवाज कायमचा मोठा करून घेतला. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय लागलेली, त्यामुळं इंदरलालनं जेवताना मीठ मागितलं तरी ते गल्लीभर कळायचं.

त्याची बायको रुक्मा बोदलकशाकडची. तिचा आवाज घरातल्या घरात ऐकू येत नसे, पण नाव पार तिरोड्यापर्यंत पोचलेलं. लग्न असो की तेरवी, पंगती उठल्या की बुडाशी करपलेला भाताचा गंज तिच्यासाठी राखून ठेवत. गंज म्हणजे आपल्याकडं भात शिजवायचं मोठं पातेलं. पुण्याकडं या शब्दाचं काय होतं, ते पुढं कळेलच. राइस मिलची कोंड्याची राख, नारळाची शेंडी आणि रुक्माचा उजवा हात, एवढ्यावर गंज असा निघे की नवरदेवानं त्यात बघून फेटा नीट करावा.

या दिवाळीनंतर इंदरलालच्या मनानं घेतलं की ट्रक पुन्हा रस्त्यावर आणायचा. गुलशन मिस्त्रीनं येऊन इंजिन उतरवलं, बॉडी काढली, चाकं सोडवली. लाकडी ठोकळ्यांवर नुसती चेचिस उरली. ज्याच्यावर अख्खी गाडी बसते तो लोखंडी सांगाडा. त्याचा रंग पार उडालेला, सगळीकडं तांबडी खपली. गुलशन सरळ बोलून गेला, "काकाजी, आधी हिले साफ करून रंग लावा, मंग मी पाहीन. चेचिस पास, त गाडी पास. सडली असन त मी इंजिन नाही चढवत. भंगारात द्या, कबाड्याले बोलवा."

कबाड्याचं नाव निघाल्यावर इंदरलाल दोन घास कमी जेवला.

त्याचा भाचा वीरेंद्र चाकणला गाड्यांच्या कारखान्यात रंगखात्यात आहे. तिकडं राहून त्याची मराठी सुधारली, म्हणजे आपल्याला कळेनाशी झाली. त्यानं मामाला फोनवर निरोप बोलून पाठवला: मामाजी, आधी गंज नीट घासून घ्या, जराही ओल राहू देऊ नका, मगच रेड ऑक्साइडचा लाल रंग लावा. इंदरलालला हे अगदी पटलं. रंग आणि थिनर कालवायला भांडं तर लागणारच, आणि ते स्वच्छ, कोरडं हवं. त्यानं रुक्माला घरातला सगळ्यात मोठा गंज घासायला लावला. लग्नकार्यातला गंज रंगासाठी कायले, असं ती पुटपुटली. पण चाकणचा निरोप म्हटल्यावर घासला, उन्हात वाळवला. इंदरलालनं त्यात लाल रंग कालवला आणि चेचिसच्या एका लांब पट्टीवर, खपल्यांसकट, आनंदानं फासला.

दुसऱ्या दिवशी तो रंग पापडासारखा सुटून आला. आतून लोखंडाची तांबडी भुकटी गळत होती.

वीरेंद्रचा व्हिडिओ कॉल लागला. गंज काढला होता का, असं त्यानं विचारलं. "काढला म्हणजे? मामीनं घासला बाबू, हा पाह्य," म्हणत इंदरलालनं फोन त्या भांड्यासमोर धरला.  वीरेंद्रनं, हसू दाबत, गंज म्हणजे जंग, लोखंडाला चढतो तो, असं समजावलं.

रुक्मानं आपल्या लाल झालेल्या गंजाकडं पाहिलं. "मंग जंगच म्हणाचं होतं न," ती म्हणाली. आणि पदर खोचून चेचिसकडं गेली.

खरं तर चूक फार मोठी नव्हती. भांडं घासा की जंग घासा, हात तोच लागतो, हे दोघांना आत्ता कळलं एवढंच. आधी पटाशीनं खपल्या उडवायच्या, मग तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर. हे सगळं झाल्यावर तिनं मिलची राख आणली आणि कोरड्या फडक्यानं लोखंड घासायला घेतलं. इंदरलाल थिनरचं फडकं घेऊन मागून पुसत चालला. पाणी आसपास आणायचं नाही, हा आता तिचा हुकूम होता. सकाळी दव वाळेपर्यंत ती त्याला रंगाचा डबाही उघडू देत नसे.

आणि तांबड्या खपलीखालून लोखंड निघत गेलं. राखाडी, निळसर, बोदलकशाच्या तळ्यातल्या मासोळीच्या पाठीसारखं. या टोकापासून त्या टोकापर्यंत ते सरळ लांबलचक अंग उन्हात उघडं झालं, तेव्हा इंदरलाल हातातलं फडकं विसरून उभा राहिला. त्यानं इंजिनाचे नखरे झेलले होते, हॉर्नला रंगीत गोंड्यांचे फुंदे बांधले होते, केबिनमध्ये देवाचा फोटो लावला होता. पण सगळं वजन ज्यानं पेललं, त्याला त्यानं कधी नीट पाहिलंच नव्हतं. "एवढं होतं का वो माह्या खाली?" तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा हळू बोलला. गल्लीत कोणाला ऐकू गेलं नाही.

 रुक्माचा तळवा मागच्या भागात, जिथं स्प्रिंगचे पाटे टांगतात तिथं, एका जागी थांबला होता. डोळे मिटून ती तिथूनच पुन्हा पुन्हा हात फिरवत होती. करपलेल्या भाताचं शेवटचं शीत ती अशीच शोधते.

"इथं चिरलं आहे."

इंदरलालनं वाकून पाहिलं. केसाएवढी रेघ, बोटभर लांब.  ओठावर आलं ते बोलून गेला. "रंग बसला की बुजून जाते. गुलशनले सांगू नोको."

"काऊन?"

"पास नाही करन तो."

"आन् भरल्या गाडीखाली मोडली त?" रुक्मानं हात तिथंच ठेवला होता. "रंग झाकते जी. धरून नाही ठेवत."

 हातातलं फडकं खाली ठेवून इंदरलालनं स्वतःच गुलशनला फोन लावला. चिरलं आहे, हे सांगताना त्याचा आवाज नेहमीइतका मोठा झाला. आता गल्लीला कळलं.

गुलशन आला. हातोडी घेऊन तो या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकत गेला. चेचिस वाजत होती, देवळातल्या घंटेसारखी स्वच्छ. त्या चिरेपाशी तेवढी घसा बसल्यासारखी बोलली. सडलेली असती तर कुठंच वाजली नसती, असं तो म्हणाला. चीर लहान आहे, टोकांना भोकं पाडून, वेल्डिंग करून, वरून पट्टी मारू. रंगाखाली गेली असती तर मात्र हाती लागली नसती.

"पास आहे का?" इंदरलालनं विचारलं.

"पास." गुलशन अजून लोखंडावर बोट फिरवत होता. "पन हे घासलं कोनं, काकाजी? कारखान्यातूनही अशी नाही निघत."

इंदरलालनं नुसती मान वळवली. रुक्मा थिनरनं हात पुसत होती, भांडी झाल्यावर पुसते तसे.

वेल्डिंग निवल्यावर बाकी चेचिसला लाल रंगाचे दोन हात झाले. राहिली ती पट्टीची जागा. इंदरलाल सकाळीच ब्रश बुडवून पुढं आला. रुक्मानं तिथं तळवा टेकवला, जरा वेळ तसाच ठेवला.

"थांबा, दव आहे अजून," ती म्हणाली.

सालेकशाच्या जंगलात, भर रस्त्यात रानगवा उभा असतानाही ब्रेकवर पाय ठेवायला कुरकुरलेला हा माणूस ब्रश हवेत धरून थांबला. रंगाचा एक थेंब त्याच्या चपलेवर पडला, तरी तो हलला नाही.