डाव्या किडनीचे फाटे

जित्याजागत्या माणसांपेक्षा त्याला लाल झुडपं जास्त कळत. कामच तसलं होतं. मेडिकल कॉलेजच्या तळघरात बसून, देहदानातून आलेल्या किडनीच्या धमनीत लाल राळ भरायची, ती कडक झाली की भोवतीचं मांस आम्लात विरघळवायचं, आणि मागे उरलेल्या झुडपाची व्हर्निअर लावून मापं घ्यायची. फाटा कुठे फुटला, केवढा जाड, कुठल्या कोनात वळला. कॉलेजात त्याला फाटेमास्तर म्हणत. घरी वेगळं काही नव्हतं. चहा घेणार का विचारलं, तर हा आधी दूध कधी तापवलं ते विचारणार. "लग्नाला यांच्याकडून 'हो' कसं वदवून घेतलं, माझं मलाच ठाऊक," असं बायको येईल त्याला ऐकवायची.

अशात त्याच्या थोरल्या भावाच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले. धाकट्याची, म्हणजे आपल्या फाटेमास्तरांची, किडनी जुळली. मास्तरांचा स्कॅन झाला आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या पोटातली झुडपं दिसली. आनंद पोटात मावेना. तिथूनच वहिनीला फोन लावला.

"वहिनी, माझ्या डाव्या किडनीला फाटे आहेत! मुळातच दोन धमन्या, आणि त्यातली खालची तर..."

खालचीचं काय ते ऐकायला वहिनी थांबली नाही. संध्याकाळपर्यंत नात्यागोत्यात बातमी पोचली, की धाकट्याने ऐन वेळी फाटे फोडले. मामा म्हणाले, "द्यायची नसेल तर सरळ सांगावं, बिचाऱ्या किडनीला कशाला पुढे करायचं?" आत्याने अबोला धरला. तो मास्तरांना कळला नाही, कारण आत्या एरवीही त्यांच्याशी बोलत नसे.

दादा मात्र खरोखर दुखावला. "मरेन, पण त्याचं काही घेणार नाही," म्हणत त्याने ऑपरेशनच्या कागदावर सही करायचं नाकारलं. डॉक्टर म्हणाले, आता फार थांबता येणार नाही.

मास्तर धावत वॉर्डात आले ते टॉवेलात गुंडाळलेलं झुडूप घेऊनच. ते त्यांनी दादाच्या पांघरुणावर ठेवलं.

"हे बघ दादा, हा पहिला फाटा..."

"पुन्हा फाटा!" वहिनी कडाडली.

शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला आणि हे पोवळं का म्हणून विचारू लागला. मास्तर त्यालाही समजावायला वळले.

"इकडे बघ," दादा म्हणाला. "एका शब्दात सांग. देणार की नाही?"

एका शब्दात! मास्तरांना घाम फुटला.

"उजवी," ते शेवटी म्हणाले.

"काय उजवी?"

"उजवी देणार. तिला एकच धमनी आहे, सरळ, जोडायला सोपी. डावी राहू दे मला. तुला वाकडीतिकडी कशी देईन रे मी?" मास्तरांना रडू कोसळलं.

दादाने पेन मागितलं. कागदावर सही ठोकली.

"गाढवा, मग हे फोनवर सांगायला काय झालं होतं?"

"उजवीवर येतच होतो," मास्तर डोळे पुसत म्हणाले, "तेवढ्यात वहिनींनी फोन ठेवला."