‘जावा’ म्हणाले त्या दिवशी

परभणीत स्टेशनच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर सुकेशनीताईंची खोली आहे. पाटीवर ‘समुपदेशन केंद्र’ असं लिहिलंय. आमच्याकडे उपदेशाला तोटा नाही, त्यामुळे लोक जिना चढून भलतंच काहीतरी विचारतात. जातीच्या दाखल्याला कोणते कागद लागतात, हेसुद्धा. मीही नाक मुरडलंच होतं. बोलायला वेगळी बाई कशाला, मी काय मुकी आहे?

पण माझी थोरली बहीण कमल, आमची अक्का, माझ्या हाताबाहेर गेली होती. भाऊजी, म्हणजे व्यंकटराव, सकाळी बोरीहून जिंतूरला निघाले आणि तिथंच हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. त्याला आठ महिने झाले होते. तेव्हापासून लेक भक्ती दाराबाहेर पडली की अक्काचे हातपाय गार पडत, श्वास लागे. भक्तीनं निघताना ‘येते’ म्हणायचं, अक्कानं ‘ये’ म्हणायचं, तरी समाधान नाही. फाटकापासून पोरीला परत हाक मारायची आणि पुन्हा म्हणायला लावायचं. दोनदा, तीनदा. त्यात भक्तीला परभणीच्या कृषी विद्यापीठात प्रवेश मिळाला. वसतिगृहात राहावं लागणार, आणि हाताशी महिनाच होता. पोरगी म्हणायला लागली, “मावशी, राहू दे. मी न्हाई जात.” दवाखान्यात अक्काची ईसीजीची पट्टी काढली, हृदय ठणठणीत. डॉक्टरांनीच सुकेशनीताईंचं नाव सांगितलं.

पहिल्या दिवशी अक्का बोलली नाही. ताईही बोलल्या नाहीत. मला गप्प बसणं सोसत नाही. मी सुरुवात केली, तर ताई म्हणाल्या, “रेणुकाताई, तुमी जरा बाहेर बसता का?” माझा पारा चढला. वर्गातली साठ पोरं माझ्या एका नजरेनं गार होतात, आणि ही माझ्याहून दहा वर्षांनी लहान बाई मला बाहेर काढते! मी बाहेरच्या बाकावर धुसफुसत बसले.

तिसऱ्या खेपेला अक्कानंच मला आत बोलावलं.

“भांडण झालतं त्या दिवशी,” ती ताईंना सांगत होती. “कशावरून, ते आता आठवंना बी. गाडीला किक मारून ते म्हणले, येतो. मी म्हणले, जावा एकदाचे.”

निघालेल्या माणसाला ‘जा’ म्हणू नये, हे आमच्यात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं.

“हे आधी कुणाला सांगितलंत?” ताईंनी विचारलं.

“सांगायला गेले. तिसऱ्या दिवशी. हिनं तोंडावर हात ठिवला.”

मला ते चांगलं आठवत होतं. दुःखात अभद्र बोलू नये म्हणून, मायेनंच ठेवला होता. आठ महिने ती तो शब्द गिळून बसली होती. मला फार लाज वाटली.

आता ताई म्हणतील, शब्दानं कुठं माणूस मरतो का. मी तेच म्हणाले असते. ताईंनी विचारलं, “लग्नाला किती वर्षं झालती?”

“चोवीस.”

“एरवी रोज ‘या’ म्हणायच्या?”

“रोज.”

“मग तुमच्या ‘या’मुळं रोज परत यायचे का?”

अक्का विचारात पडली. “न्हाई,” ती म्हणाली. “भूक लागली की यायचे.”

आम्ही तिघीही हसलो. हसता हसता अक्काच्या डोळ्यांना धार लागली. ताईंनी ‘रडू नका’ म्हटलं नाही. त्या कुणालाच तसं म्हणत नाहीत. पुढं ओळख वाढल्यावर त्यांनी मला कारण सांगितलं. त्यांची आई, सत्यशीलाबाई, वारली तेव्हा ताई बारावीत होत्या. वडील शाळेत शिपाई, पाठीवर दोन भावंडं. भेटायला येणारा जो तो म्हणे, तू मोठी हायस, तू रडायचं न्हाई. “ऐकलं मी,” ताई म्हणाल्या. “चार वर्षं रडलेच न्हाई. मग एकदा बस चुकली, तर स्टँडवर तासभर रडले.”

अक्काची भीती लगेच गेली नाही. ताईंनी अभ्यास दिला. भक्तीनं आधी दुकानापर्यंत जायचं, मग चारठाण्याला आत्याकडे. हाक मारून परत बोलवायचं नाही. धडधड झाली तर होऊ द्यायची, ती चढते तशी उतरते. अक्का शाळेतल्या पोरांसारखी लबाडी करी, आत्याला गुपचूप फोन लावी. ताईंना तेही येऊन सांगे.

भक्ती निघाली त्या सोमवारी मी बोरीला अक्काकडेच होते. स्टँडवर परभणीची एसटी आली. अक्का खिडकीशी उभी राहून सांगत होती, “भाजी दुपारच्या आत खा, विटंल. धपाटे राहतेत. एकटी खाऊ नको, पोरींना दे.” गाडी सुटली, तरी तिचं धपाट्यांवरच चाललं होतं.

मग ती एकदम थांबली. “रेणे, मी तिला ‘ये’ म्हणलेच न्हाई.”

तिचे हात बर्फ झाले. ‘काही होत नाही गं’ अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं, आणि ते मला सोपं गेलं नाही. आम्ही बाकड्यावर बसलो. तिचा श्वास चढला, बराच वेळ चढलेलाच राहिला, मग हळूहळू उतरला. आणि ती रडायला लागली.

“उपाशी गेले गं ते,” ती म्हणाली. “भांडणात न्याहारी राहिली. ताट वाढलं होतं मी.”

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ती स्वतःच्या त्या शब्दासाठी नाही, भाऊजींसाठी रडत होती. मी तिचा हात धरून ऐकत राहिले.

तासाभरानं भक्तीचा फोन आला. अक्कानं नाव पाहिलं. “पोचली असंल,” म्हणाली, आणि फोन माझ्याकडे दिला.

“मावशी, आई कुठंय?” भक्तीच्या आवाजात भीती होती. “काय करायलीय?”

“तुझ्या बाबासाठी रडायलीय,” मी म्हणाले. “रडू दे. तू जेव.”