आगळभाऊ

भाऊंना काहीही विचारा, उत्तर आमसुलाच्या आगळावर, त्या खारवलेल्या आंबट रसावर, येऊन थांबायचं. कोकणातल्या आपल्या गावाहून, वालावलहून आणलेली आगळाची बाटली ते ऑफिसात कॉम्प्युटरशेजारीच ठेवत. साहेब नाक मुरडायचे. आम्ही त्यांना सरळ आगळभाऊ म्हणायचो.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मुंबईच्या आमच्या कंपनीत दोन संगणकभाषांची सोयरीक जुळवायचं काम चाललं होतं, स्मॉलटॉक आणि सी प्लस प्लस. दोघींचा कारभार ‘ऑब्जेक्ट’वरच, म्हणजे प्रोग्रॅममधल्या वस्तूंवरच, पण सवयी वेगळ्या. स्मॉलटॉक नको झालेल्या वस्तू आपणहून आवरायची. सी प्लस प्लसमध्ये त्या आपल्याला टाकाव्या लागायच्या. इकडून टाकलेली वस्तू तिकडे अजून कुणीतरी धरून बसलेलं असे, आणि प्रोग्रॅम धाडकन आडवा होई.

भाऊंनी एक चिमुकला क्लास, म्हणजे अशा वस्तूंचा साचा, लिहिला. वस्तू कुठल्या बाजूने धरलेली आहे हे त्याने लक्षात ठेवायचं आणि दोन्हीकडून सुटल्याशिवाय ती टाकू द्यायची नाही, बस. हा क्लास एकटा वापरायचा नाही, दुसऱ्या क्लासांत मिसळायचा. म्हणून त्याला म्हणायचं मिक्सिन. मला काही पटेना. एकट्याचा उपयोग नाही, तर लिहायचा कशाला?

“अगो, नुसतां आगळ कोण पिता?” भाऊ म्हणाले. “नारळाच्या रसात घातलंस की सोलकढी, बांगड्याच्या सारात घातलंस की साराक आंबटपणा. आगळ तांच!”

क्लासचं नावही त्यांनी ‘आगळ’ ठेवलं. प्रोग्रॅम आडवा होणं थांबलं.

अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला हे काम इतकं आवडलं, की भाऊंना तिकडे कायमचं बोलावणं आलं. भाऊ रजा टाकून वालावलला गेले, ते होय म्हणेनात की नाही म्हणेनात. मी मे महिन्यात तिथून जवळच शिरोड्याला घरी आले होते, म्हणून साहेबांनी मलाच विचारायला धाडलं.

वालावलला घरापुढच्या खळ्यात भाऊंच्या आई आगळासाठी रातांब्यांना मीठ लावत बसल्या होत्या. एरवी त्या घरात एकट्याच असायच्या. मी अमेरिकेचा विषय काढताच त्या हात न थांबवता भाऊंना म्हणाल्या, “जा रे झिला. मी सोडलंय तुका.”

भाऊ हसले.

“तू सोडलंस गो आये. पण मी खंय सोडलंय?”

साहेबांना मी एवढंच सांगितलं, की भाऊ नाही म्हणाले. त्यांच्या जागी मला पाठवलं. विमानतळावर माझ्या आईने माझा हात सोडला, तेव्हा भाऊंचा प्रश्न आठवला आणि मला रडू आवरेना.