खलबत्त्याची हाक

आमच्या गिरगावातल्या चाळीत आनंदीबाईच्या तोंडाला कुणी लागत नसे. कारकुनाची विधवा, मूलबाळ नाही, तोंडाचं पार बोळकं झालेलं. पण दात गेले तरी जिभेची धार गेली नव्हती. समोरच्या चाळीत पहिल्या मजल्यावर गंगुबाई राहायची, मालवणकडची. गुडघे गेल्यामुळे तिला जिना उतरून वर्षं लोटली होती. मुलगा दिवसभर परळच्या गिरणीत.

रोज दुपारी गंगुबाई खिडकीत बसून लोखंडी खलबत्त्यात पान कुटायची. आनंदीबाईला ते तसंच लागायचं. टणटण ऐकली की ही पदर खोचून गल्ली ओलांडायची. वर गेल्यावर चुना जास्त, कात कमी, यावरून दोघी कडाकडा भांडायच्या. एक दिवस या एकमेकींचा जीव घेतील, असं आम्ही हसत म्हणायचो. आमची जीभ झडायला हवी होती.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्रापासून तोडणार म्हणून गिरगाव पेटलं. नाक्यावर दगड, सोडावॉटरच्या बाटल्या, अश्रुधूर आणि मग गोळ्या. सकाळी आमच्याच चाळीतला जगदीश गल्लीच्या तोंडाशी पडला. पोटातून आतडी बाहेर आली होती. त्याला फळीवर घालून नेलं, पण रक्तावर पाणी ओतायलाही कुणी उतरलं नाही. जो दिसेल त्याच्यावर पोलीस गोळी झाडत होते.

दुपार झाली. टणटण आली नाही.

आनंदीबाई गॅलरीत येऊन उभी राहिली. समोरची खिडकी बंद. तिने हाका मारल्या, त्या गोळ्यांच्या आवाजात विरल्या. घाबरून बसली असेल, असं मी म्हणालो, तर ती माझ्यावरच उखडली. "घाबरणारी आहे ती? पडली असेल भवानी, नाहीतर मेली असेल. कोण बघणार तिला, तू?" मी तिचा हात धरला. दात असते तर चावलीच असती. हिसडा देऊन ती जिना उतरली.

गल्ली ती केवढी, एका घरची फोडणी दुसऱ्या घरात यायची. मध्यावर तिच्या मानेत गोळी घुसली. जगदीशच्या रक्तातच ती कोसळली.

तेवढ्यात समोरची खिडकी उघडली. गंगुबाईने खाली पाहिलं, खल ओढला आणि बत्ता हाणायला लागली. आत पान नाही, सुपारी नाही, नुसतं लोखंडावर लोखंड. आनंदीबाईचा हात पदर खोचायला कमरेकडे सरकला आणि अर्ध्यावरच राहिला.

संचारबंदी उठल्यावर मी वर गेलो. गंगुबाई रिकामा खल मांडीत घेऊन बसली होती. म्हणाली, "मीच गप बसलंय. माका वाटला, आवाज नाय इलो तर ती घराकच रवतली, भायर पडाची नाय."

आता रोज दुपारी मीच जातो. माझे दात शाबूत आहेत, तरी पान कुटलेलंच खातो. चुना जास्त झाला, असंही म्हणतो. ती भांडत नाही.