कमलच्या हळदीचं जातं

हैदराबादेत निजाम होता, तेव्हाची गोष्ट. माकणीत कुणाच्याही घरी लग्नाची हळद दळायची म्हटली, की जात्याच्या खुंट्याला पहिला हात द्वारकाबाईचा. तिनं ओवी धरली, की बायकांना तेरणेच्या पाण्यावर तरंगत चालल्यागत वाटायचं.

पाचव्या बाळंतपणानंतर ती ओवी थांबली. खोकला आला, हसू फुटलं, जात्याला जोर दिला, की लुगडं ओलं. मग ही बाई पाणीच पिईना. तरी ओलं व्हायचं ते व्हायचंच, वर लघवीला आगही सुटायची.

"द्वारकाबाईला लई भाव आलाय," जाऊ चारचौघींत म्हणाली. "बोलावलं तरी येत न्हाय."

आता तर थोरल्या कमलचं लग्न तीन महिन्यांवर आलेलं. लेकीच्या हळदीलाही दारामागं लपायचं?

तिची पाचही बाळंतपणं केलेली सुईण जैनबबी एका दुपारी आली. द्वारकाबाईनं पदर तोंडाशी धरून सगळं सांगितलं.

"येडी का काय तू! पाणी तोडलंस म्हणून आग होती. थोडं थोडं पीत जा. अन् म्हैस पान्हा कशी चोरती, बघितलंस न्हवं? तसं लघवीची वाट आतून वर ओढून धर. पोट आवळू नको, श्वास कोंडू नको."

"अन् सोडायचं कधी, खाला?"

"ओवी म्हणतीस न्हवं? पहिल्या ओळीला धर, दुसरीला सोड. लगेच गुण मागू नको, पोरी."

मग रोज पहाटे, नदीवरचं धुकं अंगणात उतरलेलं असताना, ओठांतल्या ओठांत ओवी चालायची. धर, सोड. महिनाभर काहीच नाही. दुसऱ्या महिन्यात एकदा शिंक आली आणि ती लुगडं चाचपत कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. कोरडं होतं.

हळदीच्या दिवशी ती आधी परसाकडं जाऊन आली, आत जुन्या लुगड्याची जाड घडी घेतली आणि खुंट्याला हात घातला. पिवळी धूळ उन्हात तरंगू लागली.

*तेरणेच्या पाण्या, जरा हळू वाहा,*
*लेक माझी निघाली, वळून पाहा.*

"भाव उतरला वाटतं बाईचा!" जाऊ म्हणाली.

द्वारकाबाईला खदखदून हसू फुटलं. दोन थेंब गेले, घडीनं पोटात घेतले. जात्यावरचा हात मात्र थांबला नाही.

"कमल," ती म्हणाली, "तांब्या भरून आण गं. घसा सुकलाय, अजून लई ओव्या हायत."