पंख्यात अडकलेला झेंडू

आमच्या घरात दर खंडेनवमीला एक नवं अवजार येतं. एकच. कुणाच्या कामाचं, ते पाळीनं ठरतं. आप्पा गवंडी, म्हणून गेल्या वर्षी फरशी कापायचं मशीन आलं. यंदाची पाळी माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची होती. ती घरीच शिवण करते आणि तिला पिको-फॉलचं मशीन हवं होतं. आमच्या येळ्ळूरच्या बायका ब्लाऊज तिच्याकडं शिवून घ्यायच्या आणि साडी पिकोला बेळगावच्या शहापुरात घेऊन जायच्या. "निम्मं काम दारातनं उठून जातंय," ती म्हणायची.

ती पाळी मी मागून घेतली.

मी बी.कॉम. माझ्याआधी आमच्या घरातलं कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि हे सांगायची संधी मी सहसा सोडत नाही. आक्का दहावीनंतर शिलाई मशीनवर बसली म्हणून मी कॉलेजात जाऊ शकलो, हे मात्र मी कुणाला सांगत नाही. उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी काम करतो. ते काम ऑफिसनं दिलेल्या लॅपटॉपवर होतं. तो लॅपटॉप घरी आला की पिशवीतच असतो, खुंटीला.

घरातला मोठा कॉम्प्युटर वेगळा. बाजूला काच, आत रंगीत दिवे. नोकरी कायम झाल्यावर मी तो घेतला, निव्वळ गेम खेळायला. आप्पांनी विचारलं, "ह्यो कशाला रं एवढा?" मी म्हणालो, "कामाला लागतो, आप्पा." मोठ्या माणसानं गेमसाठी एवढा डबा आणलाय, हे सांगायची मला लाज वाटली. आप्पांनी मान हलवली. कामाला लागतो म्हटल्यावर आमच्या घरात पुढं काही विचारत नाहीत.

त्या खंडेनवमीला आप्पांची थापी, ओळंबा, आईची खुरपी, आक्काच्या कात्र्या यांच्या ओळीत कॉम्प्युटर जाऊन बसला. त्याची पूजा आक्का स्वतः करायची. हळद-कुंकू, अक्षता, लिंबू, धूप. झेंडू ती वरच्या जाळीवर ठेवायची, कारण फूल तिथंच नीट बसायचं. तीन वर्षं असं चाललं. लॅपटॉप खुंटीलाच.

रविवारी दुपारी आम्ही कॉलेजचे चौघं आपापल्या घरून एकत्र खेळतो. यंदा उन्हाळ्यापासून माझ्या पडद्यावरचं चित्र अडकायला लागलं. मी बंदूक उचलेपर्यंत मेलेला असायचो.

"ए ग्रॅज्युएट, बैलगाडीतनं आलास काय रं?"

"बैल तरी पळतोय. ह्येचं झोपलंय."

हे मला झोंबलं. त्यात आणखी कसलीही मोठी गोष्ट नव्हती, हे लिहितानासुद्धा कसंतरी होतं. मग मी कॉम्प्युटर कधी बदलावा, काय बदलावं यावरचे व्हिडिओ बघायला लागलो. जवळजवळ प्रत्येकजण सुरुवातीला एकच सांगायचा: आधी आतली धूळ काढा, कॉम्प्युटर किती तापतो ते बघा, मग खर्चाचा विचार करा. तेवढा भाग मी पुढं ढकलायचो. झाडलोट करायला काय पदवी घेतली होती? नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं, हे मनानं आधीच ठरवलं होतं.

संध्याकाळी चहाला बसलो असताना मी विषय काढला. "कॉम्प्युटर संथ झालाय. काम अडकतंय. त्यातला एक पार्ट बदलावा लागंल."

आप्पांनी आक्काकडं बघितलं. आक्कानं कपातल्या चहाकडं.

"मग त्येचंच करा आधी," ती म्हणाली. "माझ्या गिऱ्हाइकास्नी शापूरची सवयच झालीया." आणि हसली.

मी नको म्हणायला हवं होतं. मी बिस्कीट बुडवलं.

खंडेनवमीआधीच्या एका शनिवारी बेळगावात कॉम्प्युटरच्या दुकानात जायचं होतं. कॅबिनेट जड, गाडीवर एकट्याला नेता येत नाही. आक्का मागं बसली. जुन्या साडीत गुंडाळलेला तो डबा तिनं मांडीवर धरला. खड्डा आला की "हळू रं, आत काय तरी हललं," म्हणायची. बाळंतिणीला दवाखान्यातनं घरी आणताना चालवावी तशी मी गाडी चालवली.

दुकानदार कन्नड वळणाचं मराठी बोलणारा, मोकळा माणूस. मी कार्डाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "घेऊ की. आधी कुठला गेम अडकतोय ते सांगा."

आक्का माझ्या शेजारीच उभी होती.

"कामच... म्हणजे कामाला," मी म्हणालो.

"ऑफिसच्या कामाला हे कार्ड? कशाला हो? हे गेमवाले नेतात." एवढं बोलून त्यानं काच काढली, आणि थांबला. "एन्री इदु? काय हो हे? कॉम्प्युटर आहे का देऊळ?"

पंख्यात वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या अडकल्या होत्या. प्रोसेसरवरच्या पात्यांच्या फटींत तांदूळ. कुंकू, धूळ आणि धुपाची काजळी मिळून एक लालसर थर बसला होता. दुकानदारानं चिमट्यानं एकेक पाकळी काढून कागदावर ठेवली.

"वारंच जात नाही आत. तापतोय, मग आपणहून हळू होतोय. कार्ड नका घेऊ. साफ करून देतो, अजून दोन वर्षं पळतोय बघा."

आक्का त्या कागदाकडं बघत होती. मग माझा हात धरून हळूच म्हणाली, "माझ्यामुळं झालं रं हे. मीच ठेवलेली फुलं. तुझं काम माझ्यामुळं अडकलं."

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "असू दे." म्हणजे मी तिला माफ केलं! त्या दोन शब्दांची आठवण आली की आजही माझे कान तापतात.

परत येताना गावाच्या अलीकडं मी गाडी बाजूला घेतली. तिच्याकडं तोंड न करताच बोललो.

"आक्का, मी त्यावर गेम खेळतो. काम त्या पिशवीतल्या लॅपटॉपवर होतं. ह्यावर कधीच झालं न्हाय."

"ठावं हाय की."

"ठावं हाय?"

"दर रविवारी दार लावून 'मार मार, मागनं आला' वरडतोस. हापिसात काय बंदुका चालवत्यात व्हय?"

मी मागं वळलो. ती डबा नीट धरून बसली होती.

"मग पूजा कशाला करायचीस?"

"तू कामाचा म्हणालास म्हणून."

"आणि पाळी का सोडलीस?"

"तू मागितलीस. खेळायला पाहिजे म्हणाला असतास तर दिली नसती बघ." डबा मांडीवर सरकवत ती म्हणाली, "चल आता. मांडी अवघडली माझी."

तिनं रागावायला हवं होतं. रागावली असती तर मी उलट काहीतरी बोललो असतो, शिकलेल्या माणसाला तेवढं जमतं. त्या दिवशी मी नुसती गाडीची किल्ली फिरवली. घरी गेल्यावर आप्पांनाही सांगितलं. ते म्हणाले, "बरं." भिंतीला ओळंबा लावल्यावर ती बाहेर गेलेली दिसली की ते असंच "बरं" म्हणतात आणि पाडायला घेतात.

खंडेनवमीला आक्काचं पिको मशीन आलं. ओळ मांडताना कॉम्प्युटर आणायला कुणी सांगितलं नाही, मीही उठलो नाही. खुंटीवरची पिशवी काढली आणि लॅपटॉप थापीशेजारी ठेवला. कडा झिजलेल्या, झाकणावर ओरखडे.

"ह्ये काय?" आप्पा.

"कामाचं."

आप्पांनी आक्काकडं बघितलं. ती ताट घेऊन पुढं आली, झाकणावर कुंकवाचं बोट लावलं आणि फूल हातात घेऊन थांबली.

"वारं कुठनं घेतंय ह्ये?"

मी बोटानं दाखवलं. तिनं फूल दुसऱ्या बाजूला ठेवलं.