रुमालातला कापूर

दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी आरतीला कापूर लावला, की मुलगी "मम्मा, टू स्ट्राँग" म्हणत खिडकी उघडते. मला आईचा रुमाल आठवतो.

आई दुबईला आली होती, तेव्हा आम्ही तिला स्वित्झर्लंडला नेलं. बर्फातल्या त्या उंच रेल्वे स्टेशनवर हवा इतकी विरळ, की चार पावलांत धाप लागत होती. आईने दम लागल्यावर हुंगायला म्हणून रुमालात बांधून आणलेला कापूर काढला. वास पसरला, तसे शेजारचे गोरे वळून बघू लागले.

"ठेव ते आत. लोक बघतायत," मी खेकसले.

तिने रुमाल पर्समध्ये ठेवला.

खाली आल्यावर मी विचारलं, "फार दम लागला होता का गं?"

"मला नाही," आई म्हणाली. "तू धापा टाकत होतीस, म्हणून काढला होता."